कॉम्प्युटरचं बटण रुसलं तेव्हा

गेल्या महिन्यात १९ तारखेला संध्याकाळी आमच्या जुन्या डेस्कटॉपचं चालू करायचं बटण दाबलं, ते आतच गेलं. दुकानाची सगळी बिलं त्यात, आणि जीएसटीचं रिटर्न भरायची शेवटची तारीख २०! दुरुस्तीवाले म्हणाले, दोन दिवसांनी येतो. हे डोक्याला हात लावून बसले.

मी भाच्याला फोन केला. "मामी, तूच कर," तो म्हणाला. आधी भिंतीवरचा प्लग काढला, मग बाजूचं झाकण. आत एक कोळी होता; त्याला कागदावर घेऊन अलगद खिडकीबाहेर सोडलं.

मदरबोर्डच्या कोपऱ्यात बारीक वायरींच्या जोड्या. एकीवर 'पॉवर स्विच' लिहिलेलं, दुसरीवर 'रिसेट'. भाचा म्हणाला, बटण क्षणभर दोन पिना जोडतं, एवढंच. फोटो काढून ठेवला, पॉवरची जोडी काढली आणि त्याच पिनांवर रिसेटची बसवली. झाकण लावलं, प्लग लावला, रिसेट दाबलं. पंखा घरघरला!

वीज येताच आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्येही असते. पण आमच्याकडे वीज सारखी जाते-येते, म्हणून ती नको म्हटलं. आणि हो, पॉवर सप्लायचा बंद डबा कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

रिटर्न वेळेत गेलं. इतकी वर्षं त्या कॉम्प्युटरची मी फक्त बाहेरून धूळ पुसत होते.