लाल रंग, दिवाळीनंतर

रविवार, रात्री साडेअकरा.

तामियाच्या १:२४ फेरारी एफ-४० मॉडेलची बॉडी आज तिसऱ्यांदा पॉलिश पेपरने घासली. चूक माझीच. पावसाळ्यात लॅकर मारू नये हे ठाऊक असूनही हात आवरला नाही. दमट हवेनं लाल रंगावर पांढुरकी साय धरली.

गंमत म्हणजे १९८७ सालच्या खऱ्या एफ-४०वर वजन वाचवायला रंग इतका पातळ दिलेला, की खालची कार्बन फायबरची वीण दिसायची. आणि इथे मी थरावर थर चढवतोय! मॉडेलवरचा ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटरचा लेप. दाराच्या फटी बुजतात त्या यामुळेच. म्हणून रंगाआधी कटरच्या पात्याच्या पाठीनं त्या हलकेच खोल करून घ्यायच्या. घाई केली की पातं घसरलंच.

खऱ्या गाडीच्या दाराला आतून हँडल नाही, नुसती दोरी. ती मी आईच्या शिवणाच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्याची केली. बायको म्हणाली, “गाडी जोडल्यावर दिसणार आहे का कुणाला?”

नाही. तरी चिकटवली.

बॉडी डब्यात ठेवून दिली आहे. लाल रंग आता दिवाळीनंतर.