जीपची चेसी आणि माझी जुनी चूक

आज पिकाचं नाही, लोखंडाचं लिहितोय. पण शेवटी विषय आपल्या कामाचाच आहे.

आमच्याकडं वडिलांच्या वेळची उघडी जीप आहे, वर ताडपत्रीचं हुड. मागच्या महिन्यात मंडळी आणि नातू मागं बसलेले, कालव्याच्या रस्त्यानं येत होतो. मोरीजवळच्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि खालून 'कट्ट' असा आवाज आला. घरी येऊन खाली घोंगडं टाकून शिरलो. डाव्या बाजूला, पुढच्या पाट्याचं मागचं टोक जिथं चेसीला अडकतं त्याच्या मागं चीर. खालच्या काठापासून निम्म्या उंचीपर्यंत. नख आत जात होतं. नातू त्याच बाजूला बसला होता. त्या रात्री झोप आली नाही.

खरं सांगायचं तर ही चीर मीच पाडलेली. दहा वर्षांपूर्वी तिथंच बारीक चीर दिसली होती. तेव्हा वेल्डिंगवाल्याला मीच म्हणालो, "चांगला जाड अँगल लाव, परत मोडायचं नाव नको." त्यानं बिचाऱ्यानं लावला. अँगल आजही शाबूत आहे. चेसी मोडली ती अँगल जिथं संपतो तिथं, दोन बोटं पुढं. केळीला टेकू देऊन गच्च आवळलं की वाऱ्यात झाड बांधलेल्या जागेच्या वर मोडतं, तसंच हे. ताठ भाग आणि लवणारा भाग जिथं मिळतात तिथं सगळा ताण येतो.

दुसरी चूक खताची. पोटॅशची पोती याच जीपमधून आणायचो. पावसात भिजून पाणी चेसीत मुरायचं. पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच, लोखंड खाणारच. हातोडीनं टोकलं तर खपल्या निघाल्या.

थोरला म्हणाला, "आबा, भंगारात घाला." त्याचं चुकत नव्हतं. मी म्हणालो, "आधी मापं घेऊ. पिळली असंल तर घालू भंगारात."

उघड्या गाडीला वर छप्पर नाही, खांब नाहीत. चपलेच्या खोक्याचं झाकण काढलं की खोकं कसं पिळवटतं, तसं. चाकाचा सगळा पीळ खालच्या चेसीवर. म्हणून आधी ती सरळ आहे का ते बघायचं. सपाट कोब्यावर गाडी चाकांवर उभी केली, चारी पाट्यांच्या बोल्टांपासून ओळंबा सोडून खाली खुणा केल्या आणि घराचा पाया आखताना घेतो तशी तिरकी मापं घेतली. दोन सुतांचा फरक निघाला. एवढं चालण्यासारखं होतं.

मग गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. बॅटरी सोडली, डिझेलची टाकी उतरवली, ब्रेकचे पाइप आणि वायरी बाजूला बांधल्या, वाळूची बादली जवळ ठेवली. गाडी मधेच जॅकवर उचलली नाही, नाहीतर वाकलेल्या स्थितीतच वेल्डिंग बसतं. जुना अँगल घासून काढला. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. मग चीर खोल घासून ७०१८ च्या कोरड्या रॉडनं भरली.

वरून पट्टी लावली ती मूळ चेसीच्याच जाडीची. टोकं चौकोनी नाही, पतंगासारखी निमुळती, म्हणजे ताण एका रेषेत अडकत नाही. खालच्या काठावर आडवं वेल्डिंग टाळलं. थोरल्यानं शेडचा जस्ताचा पत्रा आणला होता, तो परत पाठवला. जस्त जळाल्यावर निघणारा धूर अंगात ताप भरवतो.

मधल्या भागात चेसीची उघडी बाजू पट्टीनं बंद करून पेटी केली. का, ते बघायचं असंल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा करवतीनं लांबीत चिरा आणि हातानं पिळा. पिळतो. न चिरलेला पिळत नाही. पण पेटी आडव्या पट्टीपाशी नेऊन संपवली, अधांतरी सोडली नाही. टाके दोन-दोन इंचांचे, एकदा इकडं एकदा तिकडं, मधे गार होऊ देत. सलग ओढलं तर उष्णतेनं चेसी वाकते. पाणी निघायला खाली भोकं ठेवली.

दोन गोष्टी मात्र घरी केल्या नाहीत. स्टिअरिंगच्या पेटीजवळ गंज होता, ते काम तालुक्याच्या वर्कशॉपला दिलं. तिथं मोडलं तर सावरायला वेळ मिळत नाही. आणि चेसी नंबर खोदलेल्या जागेला ग्राइंडर लागू दिला नाही. १५ वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, तिथं नंबर वाचता आला पाहिजे.

शेवटी जोडांवर पातळ चुना फासला. एक चाक बांधावर चढवून उतरवलं, मग पाच पोती टाकून तेच केलं. चुन्यात रेघ उमटली नाही. तरी महिनाभर मी एकटाच चालवणार आहे. नातू रोज विचारतो, "आबा, मी कधी बसू?" चुना सांगंल तेव्हा.

जाता जाता, ऊसतोड सुरू होतीय. ट्रॉलीच्या हुकाजवळ आणि पाट्यांच्या कानांजवळ एकदा बॅटरी मारून बघा. तिथं जाड लोखंडाचा तुकडा ठोकलेला असंल, तर त्या तुकड्याकडं नाही, तो जिथं संपतो तिथं बघा.