अर्धी उरलेली बाटली

आमच्या पिढीची सायकल रॉडच्या ब्रेकची. ब्रेक लागेनासा झाला की रबर बदलावे आणि नट आवळावा, एवढेच त्यातले शास्त्र. आता धर्मग्रामातील तरुण डिस्क ब्रेकच्या सायकली घेऊन घाट चढतात-उतरतात, आणि त्यांतील काही ब्रेकच्या नळीत तार नसून तेल असते.

द्रव दाबाने आकुंचन पावत नाही. म्हणून दोन बोटांचा जोर चाकाजवळच्या पॅडपर्यंत थेट पोहोचतो. हवा मात्र दबते. तिचे चार बुडबुडे नळीत शिरले की ब्रेकची दांडी मऊ लागते, मुठीला टेकते. मग ती हवा काढणे आले. काम चिकाटीचे आहे. चाक व पॅड आधी बाजूला ठेवायचे, (पॅडला तेलाचा थेंब लागला तर ते बहुधा टाकूनच द्यावे लागतात!) त्यांच्या जागी ठोकळा बसवायचा, खालून सिरिंजने नवे तेल सावकाश वर चढवायचे आणि नळीला टिचक्या मारीत राहायचे. बुडबुडा स्वभावानेच वर जातो. आपण त्याला वाट करून द्यायची.

आमच्या पडवीत हे काम चालू असता सायकलीच्या तरुण मालकाने विचारले, "फादर, गेल्या पावसाळ्यात फोडलेली अर्धी बाटली आहे. चालेल ना?" तेल स्वच्छ दिसत होते. काटकसर हा आपल्या घरांचा गुण. अर्धी बाटली टाकणे जिवावर येते. तरीही मी नको म्हणालो. डॉट ४ हे ब्रेक ऑइल पावसाळ्यातल्या मिठासारखे हवेतील ओल ओढून घेते. नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर मानकाची अपेक्षाच १५५ अंशांवर येते. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही. लांब उतारावर ब्रेक तापतो, मुरलेल्या पाण्याची वाफ होते, वाफ हवेसारखीच दबते, आणि दांडी मुठीला टेकते तेव्हा समोर वळण असते.

सीलबंद बाटली काही वर्षे टिकते. फोडलेली फार तर एक वर्ष. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत मी तेवढाही भरवसा धरणार नाही. त्याने थोडी कुरकुर केली, पण लहान बाटली आणली.

काही सायकलींत, उदाहरणार्थ शिमानोच्या ब्रेकमध्ये, मिनरल ऑइल असते. ते पाणी शोषत नाही. परंतु ते डॉटच्या ब्रेकमध्ये घातले तर आतील रबरी सील फुगतात. उलट अदलाबदलही तितकीच घातक. कोणते तेल घालायचे, हे बहुधा दांडीवरच छापलेले असते.