सोडवलेले घर

दक्षिण कोकणातल्या जुन्या घराचा सांगाडा लाकडाचा असतो आणि त्यात लोखंडी खिळा क्वचितच सापडतो. दगडी उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर पुन्हा आखूड खांब, सर्वांच्या वर आढे आणि आढ्यापासून दोन्ही अंगांना उतरणारे वासे. एका लाकडाच्या टोकाला कूस काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची, कूस आत बसवायची आणि आडवी मेख मारून ती जखडायची, एवढ्या एका युक्तीवर सारे छप्पर तोललेले असते. खिळे लागतात ते कौलांखालच्या रिपांना.

असे घर उभे राहताना पाहायला मिळणे आता अवघड झाले आहे. उकलताना मात्र ते अजून पाहता येते. सावंतवाडीच्या आठ दिवसांच्या प्रवासात सांगण्याजोगे हाती लागले ते एवढेच. वेंगुर्ला, शिरोडा आणि कुडाळ यांचे चार दिवस मे महिन्याच्या घामात आणि सुरमईच्या तुकड्यांत संपले.

सावंतवाडीत उतरलेला माणूस चितार आळीत जातोच. तिथल्या रंगीत लाकडी फळांसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरतात. ते हलके, मऊ आणि पांढरट असते. टोपल्यांत मांडलेली केळी, कारली, सीताफळे रंगाने इतकी हुबेहूब की दुकानात आलेली लहान मुले ती तोंडात घालतात. प्रस्तुत लेखकाला मात्र मागच्या खोलीतली, अजून रंग न चढलेली फळे जास्त आवडली. रंगाखाली लाकडाचे लाकूडपण लपते ही खंत जुनीच आहे. त्या खोलीत एक कारागीर पांढऱ्या आंब्याला पडलेली भेग बुजवत होता. चिंचोक्याच्या खळीत त्याने आपल्याच पायाशी पडलेला भुसा कालवला आणि बोटाने भेगेत भरला. करवतीखालून गळलेले लाकूड अशा रीतीने पुन्हा फळातच गेले. त्याचे कौतुक केल्यावर तो म्हणाला, यात विशेष काही नाही, आंबोलीच्या रस्त्याला दाणोलीच्या अलीकडे एका वाडीत अख्खे घर सोडवायला घेतले आहे, ते जाऊन पाहा.

घर दोन भावांचे. ओटी, माजघर, दोन खोल्या, मागची पडवी, वर माळा. थोरल्याचे कुटुंब मुंबईला, धाकट्याचा मुलगा गावात. पश्चिमेची भिंत ओलीने फुगली होती आणि दोन वाशांना वाळवी लागली होती. एवढे मोठे घर दोन माणसांनी शाकारत राहणे शक्य नव्हते. मुलाने ठरवले की खळ्याच्या पलीकडे तीन खोल्यांचे घर उभारायचे आणि जुन्या घरात जे मिळेल त्यातूनच ते करायचे. काम मिरगाच्या आत छपरापर्यंत पोचायला हवे होते, कारण या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उघड्या सांगाड्याला तो सोसत नाही.

सुतारकाम ज्यांच्याकडे होते ते मेस्त्री सत्तरीच्या आसपासचे. “काका, घर मोडून कधी होईल?” या प्रश्नावर त्यांनी रंधा खाली ठेवला. “मोडूचा नाय, सोडवूचा,” ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. पुढचे तीन दिवस त्या एका शब्दाचा अर्थ खळ्यात उलगडत गेला.

सोडवण्याचा क्रम बांधण्याच्या नेमका उलटा असतो. आधी कौले, मग रिपा, वासे, आढे, तुळया आणि शेवटी खांब. पहिली तुळई दोरांनी खाली आली तेव्हा मेस्त्रींनी नारळाच्या सोडणाने तिच्या टोकावरची काजळी घासली. कुसेच्या मुळाशी पटाशीचे तीन आडवे घाव होते. मग खांबाच्या खाचेशेजारी घासले, तिथेही तीनच. सांगाडा आधी जमिनीवर कापतात, जुळवून पाहतात, खुणा करतात, सुटा करतात आणि मग वर चढवतात. हाताने काढलेली प्रत्येक कूस तिच्या एकट्या खाचेसाठी तासलेली असते, शेजारच्या खाचेत ती बसत नाही. त्यामुळे कूस आणि खाच दोघींवर सारखा आकडा लागतो. हे घर उभारणाऱ्या सुताराला लिहिता येत होते की नाही कोण जाणे, पण त्याचे मोजणे पक्के होते. चारपर्यंत घाव, पाचाला फुली, सहाला फुली आणि एक घाव.

चौथ्या तुळईपाशी हिशेब चुकला. तुळईवर चार घाव, खांबावर फुली आणि दोन. त्याच तुळईच्या दुसऱ्या टोकाला घावांशिवाय गेरूची एक पुसट रेघही होती. मेस्त्री उकिडवे बसले आणि लाकूड हाताने चाचपू लागले. तुळईच्या एका अंगाला एक रिकामी खाच होती, फणसाचा तुकडा ठोकून बुजवलेली. तिच्यापासून त्यांनी वितीने मोजत नेले. साडेतीन विती गेल्यावर त्यांचा अंगठा एका गुळगुळीत, बशीसारख्या खोलगट जागेत विसावला. लाकूड तिथे चारी बाजूंनी झिजले होते. कुणी सुताराने तासलेली ती जागा नव्हती, तिथे पटाशीची एकही कड लागत नव्हती. तिथे दावे घासले होते. माजघरावर आडवी पडून माळा पेलणारी ती तुळई त्याआधी कधीतरी गोठ्याचा खांब होती आणि तिला गुरे बांधली जात होती. घरातल्या कोणालाच हे ठाऊक नव्हते. मुंबईहून आलेल्या थोरल्या सुनेने ती जागा हाताने पाहिली आणि आपल्या मुलालाही हात लावायला लावला.

त्यानंतर प्रत्येक लाकूड खाली आले की सगळे भोवती जमू लागले. सतरा तुळयांपैकी पाचांवर दोन-दोन पिढ्यांच्या खुणा निघाल्या. म्हणजे जे घर सोडवले जात होते तेसुद्धा एका सोडवलेल्या घरातूनच आले होते.

हे शक्य होते ते मेखेमुळे. मेख म्हणजे बोटाएवढी जाड, टोकाकडे निमुळती होत गेलेली कठीण लाकडाची खुंटी. खाचेच्या दोन्ही भिंतींतून आणि मधल्या कुसेतून ती आरपार जाते. कुसेचे भोक मात्र सरळ रेषेत घेत नाहीत, तांदळाच्या दाण्याएवढे आत घेतात. मेख ठोकली की ती कुसेला ओढून खाचेत घट्ट बसवते आणि पुढे लाकूड वाळून आकसले तरी सांधा सैल होत नाही. सोडवताना मेखेच्या बारीक टोकावर सुंबा ठेवून दोन-तीन ठोके द्यायचे. बाहेर आलेली प्रत्येक मेख मधोमध किंचित वाकलेली होती. इतकी वर्षे ती ओढतच होती याचा तो पुरावा. हा वाक पाहण्यासाठीच एवढा प्रवास केला असता तरी तो सार्थ ठरला असता.

लाकडे होती किंजळ, ऐन आणि फणसाची. किंजळ आणि ऐन जड, छपराच्या भाराला योग्य. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षे जातील तसे तांबूस तपकिरी होत जाते. दाराच्या फळीवर रंधा फिरला की आतून पुन्हा पिवळा रंग डोकावतो. जुन्या लाकडाचा मोठा गुण म्हणजे ते आकसून, पिळून मोकळे झालेले असते. नव्या फळीला जे काही वाकडेपण यायचे ते घरात बसवल्यावर येते, जुनीला ते येऊन गेलेले असते. चुलीवरचे वासे धुराने डांबरासारखे काळे झाले होते आणि त्यांत एकही भोक नव्हते. पडवीच्या वाशांना मात्र भुंगा लागला होता. मेस्त्रींनी त्यांचा बाहेरचा मऊ थर वाकसाने उतरवला, गाभा ठेवला आणि त्यावर काजूच्या टरफलाचे तेल दिले. या तेलाने कातडी भाजते, म्हणून ते काठीला गुंडाळलेल्या चिंधीने लावत होते. खांबांचे पाय ओलीने वीतभर कुजले होते. तेवढे करवतीने कापून टाकले आणि नव्या घरात उथळे वीतभर उंच घेतले. खांब तोच राहिला, उंचीही तीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका तरुण गड्याने घाई केली. मेख निघण्याआधीच त्याने सांध्यात पहार घातली आणि कूस काडकन मोडली. मेस्त्री काही बोलले नाहीत. तांब्यातले पाणी प्यायले, तुळईपाशी जाऊन बसले, वितीने मोजले. मोडका भाग गेला तर तुळई माजघराला अपुरी पडत होती, न्हाणीला पुरत होती. भिंतीला टेकवलेल्या फळीवर कोळशाने लिहिलेल्या यादीत त्यांनी एक ओळ खोडली आणि दुसरीकडे लिहिली. संध्याकाळपर्यंत तो गडी मेख बोटांनी चाचपून मगच सुंबा लावू लागला होता.

भिंतींचे चिरे त्याच तत्त्वाने निघाले. जांभ्याचा चिरा साधारण सव्वा फूट लांब असतो. खाणीत तो कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो, हवा आणि ऊन लागले की कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश डॉक्टर १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार पाहत फिरला. मलबारातल्या अंगाडीपुरम येथे लोक हा दगड विटांसारखा कापून वापरतात हे त्याने टिपले आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. भूविज्ञानाच्या पुस्तकांतले हे नाव घर बांधणाऱ्यांच्या हातातून आले आहे, ही गोष्ट चिऱ्यांच्या राशीशेजारी बसून आठवताना विशेष समाधान देते.

जुन्या भिंतीत चिरे मातीने सांधले होते. पहारेच्या टोकाने हलवले की चिरा अखंड निघतो, माती झटकली की नव्या भिंतीला तयार. वाडीच्या तोंडाशी याच्या उलट चित्र होते. तिथे सिमेंटमध्ये बांधलेले एक बरेच अलीकडचे घर पाडले होते. सिमेंटचा सांधा चिऱ्याहून बळकट असतो, त्यामुळे भिंत पाडताना सांधा राहतो आणि चिरा फुटतो. ढिगात एकही साबूत दगड नव्हता. पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारचे नियम आहेत आणि ते हवेतच. पण चिऱ्याला सिमेंटने जखडून ठेवणे ही मुळातली चूक आहे, आणि कोकणात ती रोज होते आहे हे पाहून जीव तुटतो. नव्या घराच्या भिंतींसाठी धाकट्याच्या मुलाने मातीचाच सांधा धरला, बाहेरून चुन्याने दर्जा भरल्या.

कौले दोन प्रकारची निघाली. पडवीवर कुंभाराचे नळे, बाकी छपरावर मंगळुरी. काही मंगळुरी कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचा ठसा होता. या मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तो त्यांच्या हातातून गेला. छपराचे वय त्यावरून ठरवावेसे वाटते, पण तुळयांचा अनुभव ताजा होता. ती कौलेही आणखी कुणाच्या छपरावरून आलेली असू शकतात. धुऊन, ठोकून, आवाज खणखणीत आला ती एका रांगेत आणि बद्द वाजली ती दुसऱ्या रांगेत लावली गेली.

बद्द कौले फोडून न्हाणीच्या वाटेवर पसरली. फुटके चिरे गडग्यात गेले. भिंतीची माती चाळून पुन्हा भिजवली. वाळवी लागलेल्या वाशांतले चांगले तुकडे कापून त्यांचे दोन पाट, एका विळीची बैठक आणि ओटीवरच्या सहा खुंट्या झाल्या. त्या रंधल्यावर फणसाचा पिवळा रंग वर आला आणि रंग द्यायचा नाही, असे घरातल्या सर्वांनीच सांगितले. रिपांचे खिळे सरळ करून डब्यात भरले.

उरल्या फक्त मेखा. एकदा वाकलेली मेख दुसऱ्या भोकात धरत नाही, म्हणून त्या नव्या कराव्या लागतात. मेस्त्री संध्याकाळी ओटीवर बसून त्या खैराच्या तुकड्यांतून तासत. जुन्यांची टोपली घरातल्या वहिनींनी तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी नेली. त्यांच्यावर उकड्या तांदळाची पेज शिजली. खळ्यात, गोठ्याच्या त्या खांबावर बसून सर्वांनी ती कुयरीची भाजी आणि खारातल्या कैरीबरोबर खाल्ली. मग तुळई उचलायची म्हणून सगळे उठले.