लोह मातीत, पान पिवळे

जालना जिल्ह्यातल्या परसबागांत मोसंबी-लिंबाची कोवळी पाने पिवळी पडलेली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिलेल्या मला वारंवार दिसतात. ही लोह कमी पडल्याची खूण. पण इथली काळी माती बेसाल्टचा खडक झिजून झाली आहे, तिच्यात लोहाचा तोटा नाही. मग झाड उपाशी का? कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाकले की बहुधा फेस येतो, तो चुनखडीचा. चुनखडीमुळे सामू 8 च्या आसपास जातो आणि लोह, जस्त, स्फुरद मातीत असूनही मुळांना घेता येत नाहीत. म्हणून माझे ठाम मत आहे की आणखी खनिजे ओतण्याआधी आहेत ती मोकळी करावीत, आणि ते काम चांगले कुजलेले शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत करते. कुजताना तयार होणारी सेंद्रिय द्रव्ये लोहाला विरघळलेल्या रूपात धरून ठेवतात. नुसता हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, मातीवर फेकला तर चुनखडी त्याला लवकर निकामी करते. शेणखतात मिसळून दिला तर तो लागू पडतो. चुना आणि चुलीतली राख मात्र इथल्या मातीत घालूच नये, दोन्हींनी सामू आणखी चढतो.

मराठवाड्याच्या उन्हात सेंद्रिय पदार्थ टिकत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याचा अर्थ तो घालणे व्यर्थ असा होत नाही. दरवर्षी घालावा आणि माती आच्छादनाखाली झाकलेली ठेवावी, असा होतो. जिप्समने चिकण माती मोकळी होते, असेही सांगितले जाते. होते, पण ती सोडियममुळे चोपण झाली असेल तरच. बोअरचे पाणी खारट असेल तर खारपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी जिप्सम घालण्याआधी माती-पाणी तपासून घ्यावे. एरवी चुनखडीच्या मातीला जिप्सममधल्या कॅल्शियमची गरज नसते. मुरमाड, उथळ जमिनीची गोष्ट वेगळी. तिथे पाणी धरणारी चिकण मातीच कमी, म्हणून तलावातला गाळ खरोखर उपयोगी पडतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही 2017 ची योजना याच आधारावर उभी आहे. मात्र आधीच भारी असलेल्या काळ्या वाफ्यात गाळ ओतला तर निचरा आणखी बिघडतो. तिथे तुरीचे भुसकट किंवा बारीक केलेल्या पऱ्हाट्या अंथराव्यात. कापूस निघाल्यावर त्याच पऱ्हाट्या बांधावर पेटवल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते.