एका पात्रावरचे तीन बाप

उंची साडेचौदा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही! पण तैमूरचा नातू उलुघ बेग याच्या या पांढऱ्या जेडच्या पेयपात्राचा फोटो पाहिल्यापासून मला दुसरं काही सुचतच नाहीये. बुटक्या तांब्याला कान लावावा तशी घडण, आणि तो कान म्हणजे नागमोडी वळणाचा अख्खा ड्रॅगन!

पंधराव्या शतकात समरकंदला हे घडलं. जेड इतका चिवट की पोलादी हत्याराने कापला जात नाही. कठीण दगडाची भुकटी आणि पाणी घेऊन तो घासत, झिजवत आणायचा. आतली पोकळी, बाहेरची गोलाई, गळ्याभोवतीची उलुघ बेगच्या नावाची अक्षरं, सगळं घासून! जेडच्या पात्रात विष टिकत नाही अशी तेव्हाची समजूत, म्हणून राजेलोकांचा त्याच्यावर फार जीव.

पुढे पात्र मुघलांकडे आलं. १६१३ च्या सुमारास जहांगीरने काठावर आपलं नाव कोरून घेतलं, १६४६ च्या सुमारास शहाजहानने कानाखाली. तैमूरचा वारसा मिरवायचा तर त्याच्या नातवाचं भांडं हाताशी हवंच! जहांगीरच्या आत्मचरित्रात उलुघ बेगच्या नावाचं असंच शुभ्र पात्र मुनीस खानाने नजर केल्याची नोंद आहे. त्यावरही जहांगीरने आपलं आणि अकबराचं नाव घालायला सांगितलं.

पण लिस्बनच्या पात्रावरची उलुघ बेग, जहांगीर, शहाजहान ही तीन नावं एकापुढे एक वाचली आणि अंगावर काटाच आला. तिघेही बाप, आणि तिघांवरही पोटची पोरं उलटलेली! हजारावर ताऱ्यांची सारणी करणारा उलुघ बेग १४४९ मध्ये मुलाच्या हुकमाने मारला गेला. जहांगीरविरुद्ध आधी खुस्रो उठला, मग १६२२ मध्ये खुर्रम, म्हणजे खुद्द शहाजहान. आणि त्या शहाजहानला १६५८ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात कोंडणारा औरंगजेब तर आमच्या शेजारी, खुलताबादला पुरलेला! आमच्या देवगाव रंगारीहून संभाजीनगरला जाताना ते गाव वाटेतच. मलिक अंबरची कबरही तिथेच, आणि बंडखोर खुर्रमने हात मिळवला होता तो याच मलिक अंबरशी. समरकंदचा धागा किती जवळ येऊन पोचतो!

हे पात्र आता लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. शहाजहानचा लेख कानाखाली असल्याने मला मिळालेल्या फोटोंत तो नीट दिसत नाही. तिकडे कुणी जाणार असाल तर काचेच्या त्या बाजूला जाऊन एक फोटो काढाच, आणि मला पाठवा!