एका वेळी एकच!

रोबो बनवतोय म्हटलं की घरच्यांना वाटायचं, आता चहा आणून देणारं काहीतरी घरी येणार. प्रत्यक्षात आमच्याकडे होते ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप, जुन्या बाजारातून उचललेल्या वायपरच्या मोटर्स, तपकीर गल्लीतले आयसी आणि इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची नऊ टाळकी.

साल २००८. रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय फायनल त्या ऑगस्टमध्ये पुण्यात, बालेवाडीला होणार होती आणि थीम होती चक्क दहीहंडी! हंडीतलं लोणी रोबोंनी पळवायचं. गोविंदांच्या राज्यात राहून ही स्पर्धा सोडायची? छे! पण तिथे उतरायचं तर आधी राष्ट्रीय फेरी जिंकायला हवी. ती चार दिवसांवर आली आणि आमचा ऑटोमॅटिक रोबो रुसला.

रात्री पांढऱ्या पट्टीवरून शहाण्यासारखा धावायचा. सकाळी मात्र पट्टी सोडून थेट भिंतीकडे! मधेच थबकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग काय, प्रत्येकाचा आपापला फंडा. कुणी प्रोग्रॅम बदलतोय, कुणी चाकं, कुणी वायरी उपसतोय. तासाभराने रोबो हलेचना आणि का, ते कुणालाच सांगता येईना. सर्किट बनवणारी मैत्रीण वैतागून म्हणाली, ‘‘दर वेळी माझ्याच बोर्डावर का येता? मी चालले!’’ ती गेली असती तर टीमच संपली असती.

वर्कशॉपमधले लेथवाले मामा हे सगळं बघत होते. म्हणाले, ‘‘पोरांनो, एका वेळी एकाच गोष्टीला हात लावा. आणि काय केलं ते लिहून ठेवा.’’

आधी सगळं रात्री होतं तसं परत जोडलं. मग एक बदल, एक ट्रायल, फळ्यावर एक ओळ. खिडकी झाकली आणि रोबो सरळ! उन्हातलं इन्फ्रारेड आमच्या सेन्सरना गंडवत होतं. त्यांना काळ्या चार्टपेपरचा झगा शिवला. थबकण्याचंही कारण सापडलं. सुरू होताना मोटर एवढा करंट ओढायची की बॅटरीचं व्होल्टेज पडून कंट्रोलर रीसेट व्हायचा. त्याला वेगळी बॅटरी दिली. म्हणजे बोर्ड निर्दोष! हे तिला सगळ्यांनी ओरडून सांगितलं. ती दारापर्यंतच गेली होती.

राष्ट्रीय फेरीत आम्ही लीगमध्येच आउट झालो. ऑगस्टमध्ये चीनचा संघ जिंकला, तेव्हा आम्ही नऊही जण प्रेक्षकांत शिट्ट्या मारत होतो.

आता ऑफिसात रिलीजच्या आदल्या रात्री सर्व्हर झोपतो, दहा जण दहा गोष्टी बदलतात आणि कुणाच्या तरी नावावर बिल फाडायची घाई सुरू होते. मी मार्कर घेऊन बोर्डाकडे जातो. तुम्हीही करून बघा. सर्व्हर कधी ना कधी उठतोच हो, पण सोमवारी टीममधलं कुणी रुसलेलं नसेल!